फुटबॉलचे बूट शिवून देणारे मामा: कोल्हापुरात लीग खेळत असाल तर एकदा जाच

हा रिव्ह्यू पेठेच्या, तालमीच्या टीममधनं (इथं तालीम मंडळांचेच फुटबॉल संघ असतात) खेळणाऱ्या पोरांसाठी आहे. नुसते टर्फवर तासाच्या भाड्यानं खेळत असाल तर तुम्हाला ह्याची एवढी गरज पडणार नाही.

आपल्याकडं खेळ म्हणजे काय ते माहितीच आहे, सकाळी गांधी मैदानावर नाहीतर कुठल्यातरी शाळेच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस, मग शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ड्युटी, आणि मॅच असली की सायबाच्या हातापाया पडून हाफ डे टाकून शाहू स्टेडियम. मानधन मिळतं, नाही असं नाही, पण स्टार प्लेअर सोडले तर बाकीच्यांचं ते किट आणि पेट्रोलातच जातं. त्यात बूट हा सगळ्यात मोठा खर्च. डिसेंबरात मैदानात जरा ओल असते तोवर ठीक, मार्च एप्रिलला जमीन अशी टणक होते की विचारू नका, आणि हे महागडे बूट बनवलेत मऊ हिरवळीसाठी, तळ नुसता चिकटवलेला, मग पुढनं तोंड उघडतंय. माझे एका नामांकित बाहेरच्या कंपनीचे होते, नाव घेत नाही, अर्ध्या सीझनात अंगठ्यापाशी सोल उचकटला आणि दुकानदार म्हणाला खेळून फाटलेल्याला वॉरंटी नसते. आता फुटबॉलचे बूट खेळून नाही फाटणार तर काय लग्नात नाचून फाटणार काय?

तर हे मामा. पेठेतल्या एका बोळात बसतात, बोर्ड नाही, कुठल्याही सीनिअर प्लेअरला विचारा तो सांगेल. चपलांचंच गाव आहे, चामड्यातला हात असलेली माणसं इथं कमी नाहीत, पण स्टडच्या, म्हणजे तळाला गुटके असलेल्या बुटाचं प्लॅस्टिक कडक असतंय आणि ते सगळ्यांना जमत नाही, जोर जास्त लागला तर तडकतंय. मामा आधी तळ चिकटवलेलं जुनं सोल्युशन खरवडून काढतात, नवं लावून बूट दाबून ठेवतात, आणि मग सोलच्या कडेनं चाकूनं बारीक खाच पाडतात. टाका त्या खाचेत आत बसतो त्यामुळं दोरा जमिनीला घासत नाही, आणि खरी मेख इथंच आहे, कारण दुसरीकडं शिवलेले बूट मी बघितलेत, टाके वरच राहतात आणि दोन-चार मॅचमध्ये दोरा झिजून परत पहिले पाढे पंचावन्न. नायलॉनचा दोरा मेण लावून वापरतात. पंज्यापाशी बूट वाकतो तिथं टाके जवळजवळ घालतात, टाचेकडं लांब. बघत उभं राहिलं तरी काही बोलत नाहीत, उलट मागच्या मॅचला पेनल्टी कुणी घालवली ते विचारतात.

माझं म्हणणं एवढंच, फाटायची वाट बघू नका, नवे बूट घेतले की डब्यातनं काढून थेट तिथं न्या. दहा हजारांच्या बुटापेक्षा अडीच-तीन हजाराचा शिवून घेतलेला बूट आपल्या ग्राउंडवर जास्त टिकतो, हे मी पैजेवर सांगतो. प्रॅक्टिसला माझे निवियाचे आहेत, जालंधरचा माल, ते पण शिवलेत, अजून ठणठणीत. वजन किंचित वाढतं, विंगवरच्या पोरांना जाणवेल, बॅकला खेळणाऱ्याला काय फरक पडत नाही.

तक्रारी पण आहेत. वेळ पाळत नाहीत, संध्याकाळी या म्हटलं की दुसऱ्या दिवशीची दुपार धरून चाला. सोल्युशनचा वास बरेच दिवस जात नाही. लोखंडी स्टडचे बूट हातात घेत नाहीत, आणि स्टडच मुळातनं तुटला असेल तर सरळ टाकून द्या म्हणतात, उगाच चार पैसे काढत नाहीत. शिवलेले बूट धुऊन उन्हात ठेवलेत किंवा बाईकच्या डिकीत तापवलेत तर सोल्युशन सुटणार, मग त्यांच्या नावानं ओरडू नका, आत पेपर कोंबून सावलीत वाळवा.

पैसे रोख द्यावे लागतात. आणि पाटाकडील-शिवाजी ह्या इथल्या दोन कट्टर संघांची मॅच असेल त्या दिवशी जाऊ नका, मामा दुपारीच गॅलरीत जाऊन बसलेले असतात.