पायथॉनचं टेम्पफाइल मॉड्यूल: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलचा तिसरा आठवडा, संध्याकाळचे साडेसहा. जामसंड्याला काकांच्या शेडमध्ये आंब्याच्या 140 पेट्या टेप मारून तयार, वाशीची गाडी सव्वासातला. पायथॉनमध्ये लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅममधलं लेबलांचं बटण मी दाबलं आणि स्क्रीनवर आलं: एररनो 13, परमिशन डिनाइड. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दारातून काकांची हाक, "लेबलां खय गो बाय? गाडी थांबाची नाय." शेवटी काकी आणि मी मार्कर घेऊन बसलो. 140 पेट्यांवर बागेचं नाव, डझन आणि ग्रेड हाताने लिहिलं. माझ्या अक्षरातला 4 आणि 9 सारखाच दिसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आडत्याचा फोन आला तो वेगळाच.

हाच प्रोग्रॅम माझ्या घरच्या लॅपटॉपवर, लिनक्सवर, जानेवारीपासून विनातक्रार चालत होता. एका अक्षराचा फरक नाही. शेडमधल्या मशीनवर विंडोज 7 आहे, एवढाच काय तो फरक.

टेम्पफाइल म्हणजे तात्पुरत्या फाइली बनवून देणारं पायथॉनचं मॉड्यूल. दोष त्यातल्या नेम्डटेम्पररीफाइल या फंक्शनच्या वापरात होता. मी टेम्पररी फाइल उघडायचे, तिचं नाव पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीला द्यायचे, ती लायब्ररी त्या नावाने फाइल पुन्हा उघडून त्यात लेबल लिहायची. लिनक्सवर याला कुणाची हरकत नसते. तिथे नाव म्हणजे फोल्डरमधली नुसती नोंद. नोंद खोडली तरी ज्याने फाइल उघडून धरली आहे त्याच्या हातात ती शाबूत राहते, आणि दुसरा कुणी त्याच नावाने आत आला तरी चालतं. विंडोजवर पायथॉन ही फाइल "बंद होताच पुसून टाक" अशा खुणेसह उघडतो. मग दुसऱ्याला ती उघडायची असेल तर त्याने उघडतानाच कबूल करावं लागतं, की माझ्या हातात असताना ही फाइल पुसली गेली तरी चालेल. साधं ओपन असं काही कबूल करत नाही, म्हणून विंडोज त्याला दारातूनच परत पाठवतं.

डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, हे मान्य. पण मला राग आला तो नावाचा. "नेम्ड" म्हणजे नाव असलेली फाइल. माणूस नाव कशासाठी मागतो? दुसऱ्या कुणाला तरी द्यायलाच ना? ते नाव देऊन दुसऱ्याला फाइल उघडताच येत नसेल, तर विंडोजवर त्या नावाचा उपयोग काय? पोर्टेबल लायब्ररीत एकच फंक्शन दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागत असेल, तर ते फंक्शनच्या नावात किंवा निदान डिफॉल्टमध्ये दिसायला हवं. खालच्या टिपेत लपवून भागत नाही. पाचपैकी दोन तारे देणार होते.

त्या रात्री घाईत डिलीट=फॉल्स, म्हणजे "आपणहून पुसू नकोस", असं टाकलं आणि लेबलं छापायला लागली. फाइल बंद करायची, नाव द्यायचं, छापून झालं की आपणच पुसायची. पण छापणारा प्रोग्रॅम फाइल कधी सोडेल याचा भरवसा नाही. लगेच पुसायला गेलं की विंडोज अडवतं. मग पुसायची ओळ मी कॉमेंट करून, म्हणजे चालणार नाही अशी करून ठेवली, हंगाम संपला की बघू म्हणून. लेबलावर हापूसचा फोटो हवाच हा काकांचा आग्रह, त्यामुळे एकेक पीडीएफ जवळजवळ तीन एमबीची, आणि दिवसाला शंभरएक. मेच्या मध्याला सी ड्राइव्ह भरला आणि मशीन रांगायला लागलं.

काकांनी परस्पर एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "विंडोज उडवून नवीन टाकायला लागेल, 1500 रुपये, आणि डेटाची गॅरंटी नाही." डेटा म्हणजे सगळ्या हंगामाच्या पट्ट्या, आडत्याकडच्या विक्रीचे हिशोब! मी बरीच हुज्जत घातली. तो गेल्यावर टेम्प फोल्डर उघडलं. टीएमपी आणि पुढे आठ अक्षरं-आकडे, अशा नावांच्या तीन हजारांच्या आसपास फाइली, आठ जीबीला टेकलेल्या. पुसायला दहा मिनिटं लागली आणि पैसा एक लागला नाही. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी सिस्टमडी (मागची कामं सांभाळणारी यंत्रणा) 10 दिवसांपेक्षा जुनं सामान टेम्पमधून काढून टाकते. विंडोज 7 आपणहून तिथे झाडू मारत नाही. तिथे घाण केली तर ती आपणच काढायची.

इथवरचं मी मे महिन्यात, रागात लिहून ठेवलं होतं. पुढचं आत्ताचं आहे, आणि त्यात माझं मत बरंच बदललं आहे.

मधे मला एक पळवाट फार आवडली होती: एमकेटेम्प. हे फंक्शन फाइल उघडत नाही, फक्त सध्या कुणी वापरत नसलेलं नाव देतं. मला तर नावच हवं होतं! पण हे 2003 साली आलेल्या पायथॉन 2.3 पासूनच वापरू नका म्हणून बाजूला ठेवलेलं आहे. सी भाषेतल्या टीएमपीनॅमची गतही तीच, पोसिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टमांच्या सामाईक मानकाने) 2008 च्या आवृत्तीत त्याला कालबाह्य ठरवलं. कारण कळायला गणपतीत देवगड डेपोत उभं राहावं. कंडक्टर म्हणाला "मागं जागा आहे", म्हणून जागा तुमची होत नाही. तुम्ही मागे पोचेपर्यंत तिथे कुणीतरी बसलेला असतो. नाव मोकळं आहे हे कळणं आणि त्या नावाची फाइल आपल्या ताब्यात असणं, यांत क्षणाची फट राहते. एकाच सर्व्हरवर दहा जणांची लॉगिनं असतील तर एखादा आगाऊ माणूस त्या फटीत त्याच नावाची, दुसऱ्या फाइलीकडे नेणारी लिंक घालून तुमचं लिखाण भलतीकडे वळवू शकतो. याच मॉड्यूलमधलं एमकेएसटेम्प नाव शोधतं आणि त्याच दमात फाइल तयार करून उघडतं, आणि आधीच असेल तर नकार देऊन दुसरं नाव घेतं. म्हणजे बसून झाल्यावर सीट नंबर सांगितल्यासारखं. हे समजल्यावर उघडलेली फाइल हातात देण्याचा या मॉड्यूलचा हट्ट मला पटला. माझी तक्रार नेमकी या हट्टावरच होती.

आणि मग जे झालं त्यामुळे तारे वाढले. गेल्या वर्षी, हे मॉड्यूल वापरायच्या आधी, पट्टी नोंदवताना लाईट गेली आणि वहीची (आमची हिशोबाची वही मशीनवरच असते) फाइल शून्य बाइटची झाली होती. साधं "राइट"मध्ये उघडलं की जुना मजकूर आधी जातो आणि नवा नंतर येतो. लाईट मधेच गेली की दोन्ही गेले. यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि काका म्हणतात हंगाम दोन महिन्यांचा, त्यासाठी बॅटरी कोण घालणार. म्हणून यंदा मी वही अशी लिहिते: त्याच फोल्डरमध्ये एमकेएसटेम्पने नवी फाइल, तिच्यात सगळा मजकूर, मग एफसिंक (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायला लावणं), मग बंद, आणि शेवटी ओएस रिप्लेसने तिला जुन्या फाइलीच्या नावावर बसवायचं. मेच्या शेवटी वळीव आला, विजा कडाडल्या, आणि मी 42 पेट्यांची पट्टी सेव्ह करताना अंधार झाला. रात्री अकराला लाईट आल्यावर धडधडत्या छातीने फोल्डर उघडलं. बाजूला टीएमपी नावाची एक फाइल, शून्य बाइट. आणि वही? आदल्या नोंदीपर्यंत जशीच्या तशी! तो शून्य वहीच्या नावावर पडला असता तर मार्चपासूनची हमाली, तोलाई, भाडं, सगळंच पाण्यात. काकींना मिठी मारली मी.

"त्याच फोल्डरमध्ये" हे महत्त्वाचं आहे. आधी मी फोल्डर सांगितलाच नव्हता. टेम्पफाइल आपलं आपण टीएमपीडीआयआर, टेम्प, टीएमपी या सिस्टमच्या सेटिंगांत या क्रमाने फोल्डर शोधून सी ड्राइव्हवर गेलं, वही डी ड्राइव्हवर, आणि रिप्लेसने दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येत नाही म्हणून हात वर केले. नाव बदलणं एका झटक्यात होतं ते एकाच ड्राइव्हच्या आत. आणखी एक गोष्ट मला लिनक्सवर नडली. एमकेएसटेम्पची फाइल फक्त मालकालाच वाचता येते, परवानगी 0600. ती वहीच्या जागी बसली की वहीलाही तीच परवानगी. वहिनीने तिच्या लॉगिनने वही उघडायला घेतली तर उघडेना, आणि माझा रविवार त्यात गेला. टेम्पररी फाइलीला ही खबरदारी योग्यच आहे. पण कायमच्या फाइलीच्या जागी बसवताना जुन्या फाइलीची परवानगी आपण हाताने उचलून द्यावी लागते.

मूळ दुखणं लायब्ररीवाल्यांनीही मनावर घेतलं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या पायथॉन 3.12 मध्ये डिलीट_ऑन_क्लोज हा पर्याय आहे. तो फॉल्स ठेवला की फाइल बंद करून दुसऱ्याला नावाने उघडू देता येते, आणि विथ ब्लॉक (फाइल वापरायचा कोडचा तुकडा) संपला की ती पुसली जाते. भावाच्या विंडोज 11 वर करून बघितलं, लेबलं सुरळीत निघाली. मला अगदी हेच हवं होतं. डिफॉल्ट मात्र जुनंच ठेवलं आहे, म्हणजे नवीन माणूस पहिल्या दिवशी अजूनही एररनो 13 वर आपटणार. याबद्दल अर्धा तारा कापला तो कापलाच. साडेतीन.

आमच्या शेडला याचा उपयोग शून्य, कारण विंडोज 7 वर पायथॉन 3.8 च्या पुढे जात नाही आणि "चलताहा मा?" म्हणून काका मशीन बदलत नाहीत. म्हणून मी वीस ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहिलं. डी ड्राइव्हवर "तात्पुरती" नावाचा एक फोल्डर, लेबलं तिथेच बनतात, फाइल बंद करूनच नाव पुढे जातं, आणि सकाळी प्रोग्रॅम सुरू होताना आदल्या दिवसाचं सगळं साफ. सकाळी छापणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात काही नसतं, त्यामुळे पुसताना कुणी अडवत नाही. जूनपासून काजूच्या पाकिटांची लेबलं त्यावरच निघताहेत, आणि तो फोल्डर एकदाही अर्ध्या जीबीच्या वर गेलेला नाही.

सध्या वरच्या बागेत मोहोर धरलाय. पहिल्या गाडीच्या आधी वहीच्या रिप्लेसला दोन-तीनदा थांबून पुन्हा प्रयत्न करायला शिकवायचं आहे, कारण काकांनी तीच वही एक्सेलमध्ये उघडून ठेवली की विंडोज पुन्हा परमिशन डिनाइड म्हणतं.