व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल की टेलिग्राम? मेसेजपेक्षा नोंदी पाहून ठरवा

‘आमच्याकडे एन्क्रिप्शन आहे’, म्हणजे मेसेज सांकेतिक रूपात बदलून पाठवतो, असं तिन्ही अ‍ॅप सांगतात. त्यामुळे तेवढ्यावर निवड करण्यात अर्थ नाही. मेसेज सोडून आणखी काय काय साठवलं जातं आणि ते कोणाच्या हाती लागू शकतं, हे बघायला हवं.

टेलिग्रामचा निकाल आधी लावू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहेत. तिथलं नेहमीचं चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येईल असं, नसतं. ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. नव्या फोनवर लॉगिन करताच जुनं सगळं समोर येतं ते त्यामुळेच. सोय मोठी आहे, नाही कशाला म्हणा! पण पूर्ण गुप्तता हवी तर ‘सिक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावं लागतं, आणि तेही दोघांपुरतंच. ग्रुपसाठी ते नाहीच. संस्थापक पावेल दुरोव यांना ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्समध्ये अटक झाली. पुढच्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, की नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा पत्ता) वैध कायदेशीर मागणी आल्यास तपास यंत्रणांना दिले जातील. चॅनेल वाचायला टेलिग्राम खुशाल ठेवा, खासगी बोलायला नको.

उरले दोन. मेसेजच्या सुरक्षेत दोघे जवळपास बरोबरीचे, कारण व्हॉट्सअ‍ॅप २०१६ पासून सिग्नलचंच तंत्र वापरतं. फरक पडतो तो नोंदींत. तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात याची माहिती व्हॉट्सअ‍ॅपच्या, म्हणजे त्याची मालक कंपनी मेटाच्या, हाती येते. एखाद्याने लागोपाठ कर्करोगतज्ज्ञाला, विमा एजंटला आणि वकिलाला फोन केले, तर त्यातला एक शब्दही न ऐकता बरंच काही कळतं.

सिग्नल ना-नफा संस्था चालवते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) एका तपासासाठी वापरकर्त्यांची माहिती मागितली, तेव्हा देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकीचं साठवलेलंच नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपची आणखी एक फट म्हणजे बॅकअप. गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होईलच असं धरून चालू नका. चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन तपासा, एन्क्रिप्शन बंद असेल तर चालू करा. मात्र त्यासाठी ठेवलेला पासवर्ड हरवला तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही.

सिग्नललाही नोंदणीसाठी फोन नंबर लागतोच, हे मला खटकतं. २०२४ पासून युजरनेम घेऊन तो समोरच्यापासून लपवता येतो, एवढंच. आणि खरी अडचण वेगळीच: तुमची माणसं तिथे नसतात. म्हणून सगळ्यांना ओढत बसू नका. पत्रकार, वकील किंवा त्रास देणाऱ्या जोडीदारापासून सुटू पाहणारी व्यक्ती असाल, तर सिग्नलच घ्या आणि ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ (ठरावीक वेळाने मेसेज आपोआप पुसण्याची सोय) चालू ठेवा. मात्र फोनच दुसऱ्याच्या हातात जात असेल, तर आधी त्याचं लॉक बदला. बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅप राहू द्यावं आणि ज्या दोन-चार जणांशी आजारपण, पैसा, कोर्टकचेरी असं बोलणं होतं, तेवढ्यांना सिग्नलवर न्यावं.