आमरी दाबावी की बुडवावी?

पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जायचं ठरलंय, वनखात्याची परवानगी हातात आहे आणि हबेनारियासारखी एखादी जमिनीवरची आमरी (ऑर्किड) नीट अभ्यासायची आहे. आता पाठपिशवीत झाड कागदांत दाबून वाळवायचा प्रेस भरायचा की फूल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायच्या बाटल्या? दोन्ही पुरेशा प्रमाणात न्यायला जागा नसते, निदान माझ्या पाठीला तरी नसते. मी दोन्ही करून पाहिलंय. मत माझं एकट्याचं आहे, त्या बेतानं घ्या.

दाबलेल्या नमुन्याचा मान मोठा आणि तो उगाच नाही. एका शीटवर, म्हणजे वाळलेलं झाड चिकटवलेल्या कागदावर, कंद, पान, दांडा, तुरा सगळं एका नजरेत येतं. स्कॅन करून कुठेही पाठवता येतं, शंभर वर्षांनीही कपाटातून काढून बघता येतं. काही आमऱ्या तर शीटसाठीच जन्मल्यासारख्या वाटतात. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस घ्या. कासच्या बाजूला जून-जुलैत पांढरी फुलं घेऊन येते, आणि तिचं जमिनीला चिकटलेलं गोलसर पान कागदावर असं बसतं, जणू त्याला काही झालंच नाही.

पण ऐन पावसात आमरी वाळवणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. साताऱ्यातल्या लॉजवर टीपकागद इस्त्रीखाली धरून मी रात्री काढल्या आहेत. त्यात कंदात पाणी भरपूर, त्यामुळे झाड मरायलाच तयार नसतं. एकदा तिसऱ्या दिवशी प्रेस सोडला, तर आत एक कळी चक्क उमललेली! तेव्हापासून कंद आधी उकळत्या पाण्यात बुडवून घेतो. तरीही पुष्कळदा सगळं काळं पडतंच.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवर.

हबेनारिया आणि तिच्यासारखीच दिसणारी पेरिस्टायलस या आमऱ्यांच्या दोन प्रजातींचा घोळ तुम्हाला माहीत असेलच. वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरनं १८९० च्या सुमारास ब्रिटिश भारताची वनस्पतिसूची करताना पेरिस्टायलसला हबेनारियातच ढकललं, मुंबई इलाख्यासाठी कुकनंही तीच वाट धरली. पुढे दोघं पुन्हा वेगळे झाले. म्हणून जुन्या शीटवर खाली एक नाव आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर दुसरं, असं नेहमी दिसतं. वेगळं करायचं कशावरून? मुख्यतः कुक्षीवरून, म्हणजे फुलात पराग जिथे चिकटतात त्या भागावरून. हबेनारियाच्या कुक्षी दोन दांड्यांवर पुढे आलेल्या असतात, पेरिस्टायलसच्या बिनदांड्याच्या, उशीसारख्या टेकलेल्या. शुंडिकेची, म्हणजे फुलामागच्या मधाच्या नळीची, लांबी मदत करते, पण ती दगाही देते. आता ही उशी का दांडा हे जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या फुलात बघायचं, आणि ते फूल दाबून पापडासारखं झालेलं!

एका हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात, मला एक जुना नमुना पाहायला मिळाला होता. तुऱ्यावरची बरीचशी फुलं गळलेली, शीटवरच्या पुडीत सुटी दोन. त्यातलं एक उघडून बघायची परवानगी मिळाली. रीतीप्रमाणे पाणी उकळलं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकला, फूल सोडलं. दहा मिनिटांनी ते फुगलं, छान पसरलं. मी सुईनं वरचं दल बाजूला केलं आणि त्याबरोबर स्तंभाचा, म्हणजे कुक्षी आणि परागकोश एकत्र असलेल्या मधल्या भागाचा, अर्धा भाग निघून आला. कुक्षी कुठली, परागकोशाची नळी कुठली, काही कळेना. नुसता चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी लगदा. पुडीत आता एकच फूल उरलं होतं. त्याला हात लावायचा मला धीर झाला नाही, आणि त्या झाडाची जात मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

बाटलीतलं फूल असं करत नाही. सत्तर टक्के अल्कोहोल, दोन टक्के ग्लिसरीन, बाकी पाणी. फूल तसंच्या तसं, फुगीर, सुईनं हलवलं तर लवचिक. ग्लिसरीन नसेल तर मात्र पाकळ्या ठिसूळ होतात. मापंही बरी मिळतात. एकाच तुऱ्यातलं एक फूल मी दाबलं होतं, एक बुडवलं होतं. ताजा असताना ओठ (फुलाची वेगळी दिसणारी पाकळी) माझ्या पट्टीवर १४ मिलिमीटर होता. बाटलीत तेवढाच राहिला, कागदावर बारा भरला. एका फुलावरून सिद्धांत मांडू नये हे खरं, पण सुक्या नमुन्यावरची मापं वाचताना मी तेव्हापासून जरा साशंक असतो.

बाटलीचे दोषही सांगतो. रंग दोन दिवसांत जातो, म्हणून फोटो आणि वहीतली नोंद जागेवरच हवी. झाकण ढिलं राहिलं तर दोन उन्हाळ्यांत तळाशी वाळकी मनुका उरते, हेही झालंय. डीएनएसाठी पान वेगळं, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये ठेवलेलं बरं. आणि बाटली हा नुसता तुकडा आहे, पूर्ण झाड नव्हे.

फोटोवर भागेल का, असं हल्ली सगळेच विचारतात. ओळखीसाठी भागेल बहुधा. नव्या जातीच्या वर्णनासाठी नाही. १ जानेवारी २००७ पासून वनस्पतीच्या नव्या जातीचा टाइप, म्हणजे ते नाव ज्याला कायमचं जोडलं जातं तो आधार, म्हणून चित्र चालत नाही, नमुनाच लागतो. तो शीट आणि बाटली असा विभागून ठेवला तरी चालतो, फक्त दोन्हीवर एकाच नमुन्याचे भाग असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं.

म्हणून नव्या जातीला नाव देताना एक शीट असावी, हे मी मान्य करतो. पण दरवेळी नाही. हबेनारिया पाचगणिएन्सिसच घ्या. सांतापाव आणि कापडिया या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्णन केलेली, सह्याद्रीबाहेर न सापडणारी. जांभ्यावरच्या वीतभर मातीतून अशा झाडाचा कंद उपटायला मला तरी आता जमत नाही. तुऱ्याच्या खालच्या भागातलं पूर्ण उमललेलं एक फूल कात्रीनं कापावं, फार तर दोन. बाकी झाड जागेवर राहू द्यावं. पान आणि एकूण ठेवण यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून घ्यावेत.

प्रेस माझ्याकडे अजून आहे, माळ्यावर. पाठपिशवीत तीस मिलिलिटरच्या सहा बाटल्या असतात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. आणि विकत घेताना झाकणाच्या आत रबराची चकती आहे ना, तेवढं बघा.