साताऱ्यातील वाचनालयाची संदर्भसेवा : इद्रिस लतीफ यांची संचिका

सैनिक स्कूलमुळे संरक्षणदलांविषयी कुतूहल बाळगणारा वाचक साताऱ्यात कमी नाही, त्यामुळे शहरातील एका वाचनालयाची मागणीनुसार कात्रणांची संचिका तयार करून देण्याची सेवा उपयुक्त वाटते. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांच्यावरील संचिका मी मागवली. हैदराबादेत १९२३ साली झालेला जन्म, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर केलेली उड्डाणे, फाळणीच्या वेळी भारतातच राहण्याचा निर्णय, १९७८ ते १९८१ मधील हवाईदलप्रमुखपद आणि त्याच काळात दाखल झालेली जग्वार विमाने, हा सारा भाग नेटका लावलेला आहे. मात्र १९८२ ते १९८५ या वर्षांत ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आणि आपल्याला सर्वांत जवळचा असणारा हाच कालखंड मोजक्या पानांत उरकावा, हे खटकते. पुढील फ्रान्समधील राजदूतपदाची तर नुसती नोंद आहे. छायाप्रती सुवाच्य आहेत, शुल्क माफक आहे (ग्रंथपालांचा उत्साह त्यात धरलेला नसावा). लष्करी कारकिर्दीसाठी ही संचिका अवश्य मागवावी. राजभवनातील वर्षांसाठी मात्र जुन्या दैनिकांच्या बांधीव फाइली वाचनालयात बसून स्वतःच चाळाव्या लागतील.