पेलरेन : जुन्या आयफोनचा जेलब्रेक कोणी करावा आणि कोणी करू नये

पेलरेन हे आयफोनचा जेलब्रेक करण्याचे, म्हणजे त्यावरची ॲपलची बंधने मोडण्याचे, मोफत आणि मुक्तस्रोत साधन आहे. आयओएस १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर असलेल्या ६एस, ७, ८ आणि एक्स या पिढीतल्या आयफोनसाठी याहून भरवशाचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मी ते आयफोन ७ वर वापरतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : ज्यांच्याकडे रोजच्या व्यवहारासाठी लागत नसलेला जुना आयफोन पडून आहे आणि ज्यांना टर्मिनलमध्ये कमांड लिहिण्याची धास्ती वाटत नाही, त्यांनी ते जरूर वापरावे. ज्यांच्या एकमेव फोनवर बँकेचे ॲप, यूपीआय आणि कार्यालयाची मेल आहे, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

आयफोनवर कोणते ॲप चालावे, त्याने कोणत्या फाइलींना हात लावावा आणि पडद्यावरच्या कोणत्या गोष्टी बदलता याव्यात, हे सारे ॲपल ठरवते. ही बंधने मोडून फोनवर रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवणे म्हणजे जेलब्रेक. हा उद्योग २००७ साली पहिल्या आयफोनबरोबरच सुरू झाला. आजवरची बहुतेक साधने आयओएसमधल्या एखाद्या त्रुटीवर उभी होती आणि ॲपल पुढच्या अपडेटमध्ये ती त्रुटी बुजवत असे. त्यामुळे जेलब्रेक टिकवायचा तर अपडेट घ्यायचे नाही, असा अलिखित नियमच पडून गेला. चुकून अपडेट झालेच, तर मागेही फिरता येत नसे, कारण जुन्या आवृत्तीवर ॲपलची सही, म्हणजे ती बसवायची डिजिटल मंजुरी, मिळणे थोड्याच दिवसांत बंद होते. जेलब्रेकमुळे फोन असुरक्षित होतो असे म्हणताना लोक विचित्र ॲपांकडे बोट दाखवतात. पण वर्षानुवर्षे सुरक्षा सुधारणांवाचून राहिलेला फोन हा त्याहून मोठा धोका होता, आणि त्याची चर्चा फारशी होत नसे.

पेलरेन इथेच वेगळे ठरते. ते ज्या त्रुटीवर उभे आहे, ती आयओएसमध्ये नसून थेट चिपमध्ये आहे. फोन सुरू होताना सर्वांत आधी जो छोटा प्रोग्रॅम चालतो, त्याला बूटरॉम म्हणतात. तो चिप घडवतानाच तिच्यात कोरला जातो आणि नंतर कोणत्याही अपडेटने बदलता येत नाही. २७ सप्टेंबर २०१९ रोजी ॲक्सिओमएक्स या टोपणनावाच्या संशोधकाने या बूटरॉममधल्या यूएसबीच्या भागातली त्रुटी जाहीर केली आणि तिचे नाव चेकमेट ठेवले. आयफोन ४एस पासून आयफोन एक्सपर्यंतच्या सगळ्या आयफोनमध्ये ती आहे आणि ते फोन असेपर्यंत राहणार आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्यावर आधारलेले चेकरेन आले. त्याने आयओएस १२ ते १४ या आवृत्त्या सांभाळल्या आणि १५ पासून पुढची जबाबदारी पेलरेनने उचलली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की आयफोन ७ साठी ॲपलने दिलेली सर्वांत ताजी १५.८ मालिकेतली सुधारणा घेऊनही जेलब्रेक करता येतो. सुरक्षा की मोकळीक, ही जुनी ओढाताण या फोनांपुरती बरीचशी संपली, आणि माझ्या दृष्टीने पेलरेनचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

या त्रुटीमुळे फोन चोराच्या हाती लागला तर सगळा डेटा उघडा पडेल का, हा प्रश्न रास्त आहे. चेकमेट वापरायला फोन हातात हवा आणि केबलने संगणकाला जोडलेला हवा. दुरून, इंटरनेटवरून ते चालत नाही. शिवाय आयफोन ५एस पासून पुढच्या फोनांत पासकोडशी बांधलेल्या कुलपाची जबाबदारी सिक्युअर एन्क्लेव्ह नावाच्या वेगळ्या भागाकडे आहे आणि चेकमेट त्या भागाला स्वतः भेदत नाही. म्हणून जुन्या फोनला चार अंकांऐवजी लांब पासकोड ठेवणे हे जेलब्रेक केला नाही तरीही शहाणपणाचे आहे.

आता प्रक्रियेबद्दल. मॅक किंवा लिनक्स असलेला संगणक लागतो. विंडोजवर पेलरेन थेट चालत नाही. ज्यांच्याकडे विंडोजच आहे त्यांच्यासाठी पेलनिक्स नावाची छोटी लिनक्स प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवर उतरवायची आणि संगणक तिच्यावरून सुरू करायचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये वेळ घालवू नये, कारण त्या क्षणी यूएसबीवर जो थेट ताबा लागतो तो तिथे मिळत नाही. केबल जुन्या रुंद यूएसबी तोंडाची घ्यावी. यूएसबी-सी तोंडाच्या केबलने फोन डीएफयू अवस्थेत (आयओएस सुरू न होता फोन फक्त केबलवरून संगणकाचे ऐकतो त्या अवस्थेत) ओळखला जाण्यात अडचणी येतात, आणि नवशिके नेमके इथेच अडून बसतात व दोष फोनला देतात. सुरुवात करण्यापूर्वी संगणकावर पासवर्डसह पूर्ण बॅकअप घ्यावा. ही पायरी वगळून पुढे जाणाऱ्याला मी तरी मदत करणार नाही.

टर्मिनलमध्ये कमांड दिली की साधन फोनला आधी रिकव्हरी अवस्थेत नेते आणि एंटर दाबायला सांगते. एंटर दाबताच उलटी मोजणी सुरू होते. आयफोन ७ वर आधी आवाज कमी करण्याचे आणि उजव्या बाजूचे अशी दोन्ही बटणे एकदम दाबून धरायची, मग मोजणीच्या इशाऱ्यावर उजवे बटण सोडून आवाजाचे तेवढे धरून ठेवायचे. सगळे नीट जमले तर पडदा पूर्ण काळा राहतो : ना सफरचंदाचे चिन्ह, ना केबलचे चित्र. नवख्याला वाटते फोन गेला; प्रत्यक्षात डीएफयूमध्ये फोन असाच दिसतो. सफरचंद उमटले तर बोट लवकर सुटले किंवा उशिरा सुटले एवढेच समजायचे आणि पुन्हा करायचे. यापुढे हाताने करण्यासारखे काही उरत नाही. टर्मिनलमध्ये ओळी सरकतात, फोनवर पांढऱ्या अक्षरांचा मजकूर धावतो आणि फोन नेहमीसारखा सुरू होतो.

सुरू झाल्यावर पडद्यावर पेलरेनचे लोडर ॲप दिसते. त्यातून सिलिओ किंवा झेब्रा यांपैकी एक पॅकेज व्यवस्थापक बसवायचा; ट्वीक, म्हणजे फोनचे वागणे किंवा रूप बदलणारे छोटे प्रोग्रॅम, त्याच्यातून शोधून बसवता येतात. याच टप्प्यावर एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि तो गांभीर्याने ठरवावा. पूर्वी जेलब्रेक केलेल्या जवळपास सर्व आयफोनचा मूळचा रूट पासवर्ड ‘अल्पाइन’ हाच असे. दुरून लॉगिन करण्याची सोय बसवून तो न बदलणाऱ्यांच्या फोनांत नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून इकी नावाचा वर्म, म्हणजे एका फोनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, शिरला. त्याने पडद्यावरचे चित्र तेवढे बदलले. पण त्याच वाटेने पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या वर्मने नेदरलँड्समधल्या बँकग्राहकांना लक्ष्य केले. जेलब्रेक करताना ‘रूटलेस’ आणि ‘रूटफुल’ असे दोन पर्याय असतात. रूटलेसमध्ये आयओएसच्या मूळ फाइलींना धक्का न लावता सारे वेगळ्या जागी बसते. रूटफुलला जास्त जागा लागते आणि गुंतागुंतही वाढते. जुने, रूटफुलवरच चालणारे एखादे ट्वीक अगदी हवेच असेल तर गोष्ट वेगळी, एरवी रूटलेसच घ्यावे.

मग एवढे करून मिळते काय? नव्या आयफोनवाल्याला खरे तर फारसे नाही. चिन्हे हवी तिथे मांडणे आणि कॉल रेकॉर्ड करणे या जेलब्रेकच्या जुन्या आकर्षणाच्या गोष्टी ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ च्या मालिकेत स्वतःच दिल्या. पण आयफोन ७ आयओएस १५ वरच थांबला आहे, त्याला या गोष्टी ॲपलकडून कधीच मिळणार नाहीत. मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय चार्जिंगची आहे. घड्याळ, रेडिओ किंवा कॅमेरा म्हणून जुना फोन कायम चार्जरला लावून ठेवला की बॅटरी सतत शंभर टक्क्यांवर राहते आणि कालांतराने फुगण्याची भीती असते. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याचा पक्का पर्याय ॲपलने २०२३ च्या आयफोन १५ पासून दिला. जेलब्रेक केलेल्या आयफोन ७ वर एका छोट्या ट्वीकने तेच काम होते : बॅटरी ठरवलेल्या आकड्याला पोहोचली, की केबल लावलेली असूनही चार्जिंग थांबते आणि खाली उतरली की पुन्हा सुरू होते. फिल्झा या फाइल व्यवस्थापकामुळे फोनमधल्या फाइली संगणकासारख्या उघडून पाहता येतात आणि आयओएसची रचना शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा स्वस्तात मिळणार नाही. रंगरूप बदलणाऱ्या थीमही भरपूर आहेत, पण त्यांची हौस लवकर फिटते.

पेलरेनची पहिली मर्यादा अशी, की फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की जेलब्रेक नाहीसा होतो. फोन नेहमीसारखा चालतो, फक्त ट्वीक झोपी जातात; ते जागे करायला पुन्हा संगणक, पुन्हा केबल. प्रवासात हा त्रास जाणवतो. तरीही मी याला निव्वळ दोष मानत नाही. एखाद्या ट्वीकने गोंधळ घातला तर फोन नुसता रीस्टार्ट केल्याने तो स्वच्छ अवस्थेत येतो, आणि ट्वीक न चालवता सुरू होण्याची सुरक्षित अवस्थाही पेलरेनमध्ये आहे. दुसरी मर्यादा आयफोन ८, ८ प्लस आणि एक्स यांची आहे आणि ती गंभीर आहे. त्यांच्यातल्या ए११ चिपवर जेलब्रेक अवस्थेत पासकोड वापरता येत नाही, त्यामुळे टच आयडी किंवा फेस आयडीही नाही. आयओएस १६ वर तर फोन रीसेट केल्यापासून एकदाही पासकोड ठेवलेला नसावा लागतो. कुलूप नसलेला फोन खिशात घेऊन फिरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. या तीन फोनांसाठी पेलरेन घरातल्या प्रयोगापुरतेच ठेवावे. एक्सआर, एक्सएस आणि त्यापुढच्या फोनांना ते लागूच पडत नाही.

धोक्यांचा खरा उगम पेलरेनमध्ये नसून त्यानंतर आपण काय बसवतो त्यात आहे. ट्वीक हे दुसऱ्या ॲपांच्या आत शिरून चालते. हीच त्याची ताकद आणि हेच त्याचे भय. २०१५ साली उघडकीस आलेल्या कीरेडर या घातक प्रोग्रॅमने नेमके असेच केले : सिडिया या जुन्या पॅकेज व्यवस्थापकाच्या, चिनी वापरकर्त्यांत चालणाऱ्या भांडारांतल्या ट्वीकांतून शिरून त्याने सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांची माहिती पळवली. विकतची ॲप फुकट देणारी भांडारे म्हणून चार हात दूर ठेवावीत. हॅवॉक, चॅरिझ, बिगबॉस अशा परिचित भांडारांबाहेर जाऊ नये. संगणकाशिवाय, ब्राउझरमधून एका बटणात कोणताही नवा आयफोन जेलब्रेक करून देतो म्हणणारी संकेतस्थळे तर निव्वळ फसवणूक करतात.

बँकांची आणि पैशांच्या व्यवहारांची अनेक ॲप फोन जेलब्रेक केलेला आहे का हे तपासतात आणि तसे आढळले की उघडत नाहीत. माझ्या बँकेचे ॲपही एक सूचना दाखवून बंद होते. ही तपासणी चुकवणारी ट्वीक मिळतात, पण मी ती वापरत नाही आणि वापरू नयेत असेच सांगेन; ज्या फोनवर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड रूटच्या अधिकाराने चालतो, त्यावर बचत खात्याचे ॲप असूच नये.

कायद्याच्या बाजूने अमेरिकेत जुलै २०१० पासून स्मार्टफोनच्या जेलब्रेकला कॉपीराइट कायद्यातून सवलत आहे. भारतात कॉपीराइट कायद्याचे २०१२ साली आलेले ६५अ हे कलम कॉपीराइटभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. स्वतःच्या फोनची रचना बदलणे आणि चोरीची ॲप चालवणे यांतला फरक त्यामुळे इथेही महत्त्वाचा आहे. ॲपलच्या मते मात्र हा परवाना कराराचा भंग आहे आणि अशा फोनची सेवा ती नाकारू शकते. वॉरंटी केव्हाच संपलेल्या आयफोन ७ ला त्याने फरक पडत नाही.

नको वाटले तर परतीची वाट सोपी आहे. पेलरेनमध्येच सर्व बदल काढून टाकण्याची कमांड आहे; तीही पुरेशी वाटली नाही तर मॅकवरच्या फाइंडरमधून फोन रीस्टोर करावा. त्याने ॲपलची सही चालू असलेली ताजी आवृत्ती बसते आणि मन बदलले तर तिच्यावरही पेलरेन पुन्हा चालते. फोन दुसऱ्याला देण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी हा रीस्टोर न चुकता करावा.