सॅव्हेज वर्ल्ड्स आठ महिने खेळल्यावर: दोन जोकर एकदम आले की काय करायचं?

आठ महिने झाले, दर शनिवारी रात्री आम्ही सहा जण सॅव्हेज वर्ल्ड्स खेळतोय, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट रंगवायचा रोल-प्लेइंग गेम, त्याची अॅडव्हेंचर एडिशन. मारामारीत कोणाची चाल आधी हे पत्त्यांवर ठरतं म्हटल्यावर मला आधी वाटलेलं काय उगाच, फासे आहेत की. आता फाशांवर परत जायची इच्छा नाही.

दर राउंडला प्रत्येकाला एक पत्ता, एक्का पहिला, दुर्री शेवटी. सारखाच पत्ता आला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने. मेंढीकोट खेळत मोठं झालेल्याला हुकूम सोडला तर बाकी सगळे सारखेच, त्यामुळे हा क्रम डोक्यात बसायला महिना गेला. पण मी हिशोब करून बघितलाय, सात पत्ते वाटले की चारातल्या तीन राउंडला कुठेतरी जोडी लागतेच, आणि तरी आमच्यात यावरून एकदाही वाद नाही.

वाद झाला तो जोकरवरून. जोकरवाला राउंडमध्ये कधीही घुसू शकतो, दुसऱ्याची चाल तोडूनसुद्धा, वर फाशांना अधिक दोन. आता एक जोकर आमच्या बंदूकवाल्याला आणि दुसरा जीएमच्या (गेम मास्टर, जो गोष्ट चालवतो आणि शत्रू खेळवतो) मुख्य व्हिलनला, दोघं पुलावर समोरासमोर, आणि दोघंही म्हणतायत मी आधी. ताज्या पिसलेल्या कॅटमधून सात पत्ते वाटले तर असं साधारण अडुसष्टातून एकदा होतं, म्हणजे दुर्मिळ, पण होतं तेव्हा नेमकं सगळं पणाला लागलेलं असतं. आम्ही दोन्ही पात्रांच्या अॅथलेटिक्स या कौशल्याचे फासे टाकले, दोघांचे फासे फुटत गेले (सगळ्यात मोठा आकडा पडला की परत टाकून बेरीज करायची) आणि बेरीज अकरा-अकरा!! वीस मिनिटं नुसती बडबड, चहा गार.

मग घरचा नियम केला, लाल जोकर काळ्याच्या आधी, विषय संपला. गंमत म्हणजे आमच्या कॅटमधले दोन्ही जोकर सेम टु सेम निघाले, मग एकाच्या टोपीला लाल स्केचपेन फासलं. खेळाडूच आधी असंही करून बघितलं दोन आठवडे, पण मग व्हिलनच्या जोकरला कोणी घाबरेना, मजाच गेली.

तक्रार एकच, जोकर निघालेला राउंड संपला की अख्खा कॅट पिसायचा, आणि सात पत्त्यांत जवळपास दर तिसऱ्या-चौथ्या राउंडला जोकर निघतो. दोन कॅट ठेवा, एक चालू असताना कोणीतरी दुसरा पिसून ठेवायचा. फक्त मागची नक्षी वेगळी बघून घ्या, आमच्याकडे दोन्ही निळे होते, ते कधी मिसळले कळलंच नाही आणि एका राउंडला तीन जोकर टेबलावर.