बीपी वाढलंय, कळा आणायच्यात: गोळी की फुगा?

नववा महिना, बीपी १५०/१००, लघवीत प्रथिनं. डॉक्टर म्हणतात, "आता थांबायला नको, कळा आणू या." गरोदरपणातल्या अशा बीपीवर बाळंतपण हाच खरा उपाय आहे, बीपीच्या गोळ्या फक्त थोडा वेळ मिळवून देतात. त्यामुळे कळा आणायच्या की नाही यावर सहसा फार बोलणं होत नाही. त्या कशाने आणायच्या, हे मात्र बाईला क्वचितच कुणी समजावून सांगतं, आणि त्याची उत्तरं आपल्याच नागपुरात शोधली गेली आहेत.

नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात बीपी वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांवर एक चाचणी झाली. इन्फॉर्म हे तिचं नाव. चिठ्ठी टाकावी तसं ठरवून निम्म्या जणींना मिसोप्रोस्टॉल या कळा आणणाऱ्या औषधाची २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने दिली. उरलेल्या जणींच्या गर्भाशयाच्या तोंडातून फोलीची नळी (एरवी लघवी काढायला वापरतात ती) आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवला. २४ तासांच्या आत नॉर्मल बाळंतपण गोळीवाल्यांत ५७ टक्के जणींचं झालं, फुग्यावाल्यांत ४७ टक्के जणींचं. शंभरांमागे दहा जणींचा फरक, आणि बीपी चढत असताना प्रत्येक तास मोलाचा असतो, म्हणून मला हा फरक मोठा वाटतो. गर्भाशय अति आकुंचन पावण्याचे प्रकार दोन्हीकडे अगदी मोजके होते. मात्र बाळाच्या जिवाला कुठे कमी धोका, हे ठरवायला ६०२ हा आकडा अपुरा आहे.

गोळी आणि फुगा यांची तुलना करणारी चाचणी नेदरलँड्समध्येही झाली, १,८४५ बायकांवर. २०१६ साली तिचे निष्कर्ष आले. तिथे ५० मायक्रोग्रॅम दर चार तासांनी, म्हणजे डोस वेगळा होता. सुरक्षिततेत दोन्ही पद्धती जवळपास सारख्या ठरल्या, सीझर गोळीवाल्यांत १६.८ टक्के आणि फुग्यावाल्यांत २०.१ टक्के झाले.

मग गोळीच घ्यावी? एक अट अगदी पक्की आहे. आधीचं सीझर असेल तर ही गोळी नको. जुन्या टाक्याच्या जागी गर्भाशय फाटण्याचा धोका असतो, आणि अशा वेळी डॉक्टरांना कळा आणायच्याच असतील तर फुग्याकडे वळणं समजण्यासारखं आहे. वार खाली सरकलेली असेल तर दोन्ही बाद, तिथे प्रश्न सीझरचाच.

गोळीचा खरा अडसर डोसात आहे. मिसोप्रोस्टॉल मुळात पोटातल्या अल्सरसाठी आलेलं औषध, आणि त्याची नेहमीची गोळी २०० मायक्रोग्रॅमची. तिचे आठ तुकडे केले तर ते सारखे होत नाहीत. कुणाला कमी पडतं, कुणाला जास्त. भारतात २५ मायक्रोग्रॅमची तयार गोळी मिळते, तीच असावी असा आग्रह धरायला अजिबात संकोचू नका. शिवाय गिळलेली गोळी परत काढता येत नाही. कळा फार जोरात आल्या, बाळाचे ठोके पडले, तर फुगा रिकामा करून नळी लगेच काढता येते, गोळीचा परिणाम मात्र ओसरायची वाट पाहावी लागते. अंगात हुडहुडी, ताप, मळमळ, जुलाब हेही गोळीच्या बाजूला लिहायला हवेत.

फुग्याचं दुखणं वेगळं. तो घालताना पाय फाकवून आतली तपासणी, पोटात पिळवटल्यासारखं, मग नळी मांडीला चिकटवलेली. गर्भाशयाचं तोंड जरा उघडलं की फुगा आपोआप बाहेर पडतो. पण फुगा प्रामुख्याने तोंड उघडतो, त्यापुढे बहुतेकदा पाणमोट फोडून ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाची, ड्रिप लागते. गोळीनंतरही ती लागू शकते. पाणमोट आधीच फुटली असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने अनेक डॉक्टर फुगा टाळतात.

माझं मत स्पष्ट आहे: गर्भाशयावर जुना टाका नसेल आणि योग्य डोसाची गोळी असेल तर आधी गोळी. पण रात्री दोन वाजता बाळाचे ठोके ऐकणारी सिस्टर तिथे आहे का, सीझरची तयारी आहे का, हे गोळी घेण्याआधी विचारा. यांतल्या एकाचंही उत्तर 'नाही' असं आलं, तर कळा तिथे सुरूच करू नका. मोठ्या रुग्णालयात कसं पोहोचता येईल ते आधी डॉक्टरांशी ठरवा.